मागचे सहा हात

आमच्या थोरल्या जाऊबाई देवी झाल्या त्याला एक व्याख्यान कारणीभूत आहे, आणि थोडंसं डाग काढायचं औषध.

आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे मशीन, त्याच्या मागे इस्त्रीची टेबलं, आणि वरच्या मजल्यावर आम्ही सगळे राहतो. पुरुष मंडळी गाडीतून कपडे आणतात, पोचवतात. दुकान आम्ही बायका चालवतो. मधल्या जाऊबाई डागांवर, नणंद मशीनवर, मी इस्त्रीवर आणि थोरल्या जाऊबाई काउंटरवरच्या उंच स्टुलावर. आलेल्या कपड्याला चिठ्ठी टाचायची, जाणाऱ्या कपड्याला हँगर लावायचा, एवढं त्यांचं काम. त्यांना आणखी काही सांगायला आमची जीभ रेटत नसे, कारण त्या दिसायलाच तशा होत्या. उंच, कपाळ रुंद, डोळे मोठे, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ता काहीतरी महत्त्वाचं बोलतील. बोलायच्या ते बहुतेक चहाबद्दल.

सासूबाईंची जीभ तेवढी रेटत असे. त्या मागे खुर्चीत बसून तुटलेली बटणं लावत आणि पुढे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "थोरले, ऊठ जरा, नाहीतर स्टुलाला पालवी फुटेल." थोरल्या जाऊबाई हूं म्हणत. उठत नसत. असं वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

एके दिवशी सभागृहाचे सेक्रेटरी स्टेजचा पडदा धुवायला घेऊन आले. एक प्राध्यापक 'देवीच्या आयुधांचा अर्थ' या विषयावर बोलणार होते. प्राध्यापकांच्या मागच्या व्याख्यानाला श्रोत्यांपेक्षा खुर्च्या लावणारे जास्त होते, म्हणून या वेळी व्याख्यानासोबत जिवंत देखावा करायचं ठरलं होतं. अष्टभुजा देवी. प्राध्यापक अर्थ सांगतील, तसतसा तो तो हात वर होईल. हे सगळं सांगताना सेक्रेटरींची नजर जाऊबाईंच्या चेहऱ्यावरून हलेना.

"चेहरा मिळाला," ते म्हणाले.

"आणि हात?" मधल्या जाऊबाईंनी विचारलं.

"हात काय, कुणाचेही चालतील."

म्हणून आम्ही तिघी हात झालो. जाऊबाई पुढे उभ्या, त्यांच्या मागे नणंद, तिच्या मागे मधल्या जाऊबाई, सगळ्यात मागे मी, खोक्यावर चढून. आमच्या अंगावरून आणि तोंडावरून काळं कापड. त्रिशूळ हँगरच्या तारेचा केला, चक्र म्हणजे डब्याचं झाकण, कमळ म्हणजे खळ घालून कडक केलेले रुमाल. त्रिशूळ आणि कमळ माझ्याकडे आले, तलवार आणि धनुष्य मधल्या जाऊबाईंकडे, शंख आणि चक्र नणंदेकडे. जाऊबाईंचे स्वतःचे दोन हात रिकामे होते. एक अभय द्यायला आणि एक वर द्यायला. प्राध्यापक म्हणाले की शास्त्राप्रमाणे हेच दोन हात सर्वात महत्त्वाचे. नणंद म्हणाली, शास्त्र लिहिणाऱ्यानं वहिनीला काम करताना बघितलेलं दिसतंय.

व्याख्यान सुरू झालं. प्राध्यापक पहिल्याच वाक्याला म्हणाले, "मंडळी, आपल्यासमोर दिसते ती मूर्ती नव्हे, ते प्रतीक आहे." मग त्रिशूळ म्हणजे तीन गुण, चक्र म्हणजे काळ, तलवार म्हणजे विवेक, आणि पायाखालचा राक्षस म्हणजे आपलाच अहंकार. चांगलं बोलत होते, पण फार बोलत होते. कमळापर्यंत आले तेव्हा माझा खांदा माझा राहिला नव्हता. त्यात आमच्यावरचं काळं कापड त्याच दिवशी मशीनमधून काढलं होतं आणि घाईत वाऱ्यावर टाकायचं राहून गेलं होतं. औषधाचा वास चढायला लागला. डोळे झोंबायला लागले. आम्हाला निदान डोळे मिटता येत होते. जाऊबाईंना दिव्यासमोर डोळे उघडे ठेवून उभं राहायचं होतं. त्या पापणी न हलवता उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहायला लागलं.

पाणी आमच्याही गालांवरून वाहत होतं, पण आमच्या तोंडावर कापड होतं.

पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि हात जोडून स्टेजपाशी आल्या. त्यांच्यामागून दोघं आले, मग सगळी रांगच आली. कापडाच्या फटीतून मला दिसलं, सेक्रेटरीसुद्धा गुडघे टेकून बसले होते. प्राध्यापक माइकवरून "प्रतीक आहे, मंडळी, प्रतीक" असं सांगत राहिले, पण तोवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक दुकानाच्या दाराबाहेर चपला काढून आत आलं. दुसऱ्यानं कोटाबरोबर फुलं आणली. दुपारपर्यंत काउंटरवर इतकी फुलं झाली की कपडे ठेवायला जागा राहीना. देवी रडली, ही गोष्ट आजूबाजूच्या चार रस्त्यांना माहीत झाली होती. कशानं रडली हे आम्ही सांगून पाहिलं. एक बाई समजूतदारपणे म्हणाल्या, "औषध हे निमित्त हो."

सुरुवातीला जाऊबाईंना बरं वाटलं. आम्हालाही वाटलं असतं. धंदा वाढला. न मळलेले कपडेही लोक आणू लागले, त्यांच्या हातची चिठ्ठी लागावी म्हणून. पण देवीनं काउंटरवर बसून चहा पिणं लोकांना बरं दिसेना. बिस्किट बुडवून खाणं तर नाहीच. जाऊबाईंना शिंक आली तरी समोरचा माणूस तिचा अर्थ लावायचा. मग एकदा वैतागून त्या एका गिऱ्हाइकावर ओरडल्या, "दिसत नाही का, उद्या या म्हणून सांगितलं ना?" तो माणूस घरी गेला आणि बायकोला घेऊन आला. तिलाही ओरडा हवा होता.

घरात तर कहरच झाला. सासूबाई, ज्यांनी त्यांना कधी एक दिवस सोडलं नव्हतं, त्या गप्प झाल्या. एवढंच नाही, जाऊबाई मागे आल्या की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहू लागल्या. "बसा आपण," म्हणायच्या. सुनेला. मोठे दीर आधी "अगं ए" म्हणून हाक मारायचे, ते "अहो" म्हणायला लागले आणि पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायला लागले. जाऊबाईंनीच मला सांगितलं. "काल मी म्हटलं, जरा पाठ चेपून द्या. तर ते आधी हातपाय धुऊन आले गं."

माणूसपण सिद्ध करायला त्या एक दिवस इस्त्रीला उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी इस्त्री न धरलेली बाई. व्हायचं तेच झालं. वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर छातीवरच इस्त्रीचा तपकिरी छाप उठला. जाऊबाईंनी आनंदानं तो शर्ट त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "मी जाळला. मला काही येत नाही." वकीलसाहेबांनी शर्ट कपाळाला लावला. पुढच्या मोठ्या खटल्याला ते तोच घालून गेले. खटला हरले, पण म्हणाले, शिक्षा कमी झाली ती शर्टामुळे.

शेवटी जाऊबाई मला घेऊन प्राध्यापकांच्या घरी गेल्या. "तुम्ही एकदा जाहीर सांगा, की मी देवी नाही," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांचा चेहरा पडला. "तेच तर सांगत होतो. माझं सगळं व्याख्यान तेच होतं. कुणी ऐकलं नाही." मग म्हणाले, "तुम्ही तरी ऐकलंत का?"

"माझे डोळे चुरचुरत होते हो," जाऊबाई खरं ते बोलल्या.

तेवढ्यात आतून त्यांच्या बायको आल्या, पदर सावरला आणि जाऊबाईंच्या पाया पडल्या. प्राध्यापकांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग तेही वाकले. उठताना म्हणाले, "प्रतीक म्हणूनच हं."

घरी आल्यावर जाऊबाई वर गेल्याच नाहीत. जिन्यात बसल्या आणि म्हणाल्या, "सासूबाईंना सांग ना, मला काहीतरी बोला म्हणून."

असं सगळं चालू असताना एका दुपारी चष्मेवाल्याची बायको आली. चष्म्याचं दुकान आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे. चष्मेवाला गोड माणूस म्हणून प्रसिद्ध. म्हाताऱ्यांचा हात धरून पायरी उतरवायचा, आवाज कधी चढत नसे. त्याचे पांढरे कोट आमच्याकडेच येत. बायको ते आणून ठेवायची आणि न बोलता जायची. त्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली होती. काउंटरपाशी कुणी नाही असं बघून तिनं फुलं ठेवली आणि हात जोडले.

"काय हवं?" जाऊबाईंनी विचारलं. सगळ्यांना काही ना काही हवंच असायचं.

"मला काही नको," ती म्हणाली. "त्यांचा हात तेवढा आवरा."

जाऊबाईंना आधी कळलंच नाही. मग तिनं बाही वर केली. मी इस्त्री उभी करून ठेवली. मधल्या जाऊबाई डागाचा ब्रश हातात घेऊन तशाच पुढे आल्या.

"अगं, मला काय सांगतेस? पोलिसात जा," जाऊबाई म्हणाल्या.

"गेले होते. त्या सगळ्यांचे चष्मे ह्यांच्याकडचेच आहेत."

ती गेली. जाऊबाई रात्री जेवल्या नाहीत. "आता मी काय करायचं?" त्यांनी आम्हाला विचारलं. नणंद म्हणाली, "प्रसन्न व्हायचं, दुसरं काय." बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं आणि तिनं ताटाकडे मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आम्ही चौघी रस्ता ओलांडून गेलो. इतकी वर्षं समोर राहून आम्ही त्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. चष्मेवाला जाऊबाईंना बघून ताडकन उठला. त्याला आनंद मावेना. डोळे तपासायची जी फिरती खुर्ची असते, तिच्यावर त्यानं त्यांना बसवलं, खुर्ची वर केली, स्वतःचे बूट काढले आणि जमिनीवर डोकं टेकलं.

"तू बायकोला मारतोस," जाऊबाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल. आम्ही त्याचीच तयारी करून गेलो होतो. नणंदेनं तर पर्समध्ये मोठी कात्री घातली होती.

"आई, तुझ्यापासून काय लपलंय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि त्याच्या दुकानात कसलाही वास नव्हता. "मी त्या दिवशी व्याख्यानाला होतो. सर म्हणाले ना, राक्षस आपल्या आतच असतो. माझ्या आत आहे, आई. त्याला तूच मार."

"मी कुणाला मारणार? तू हात आवर."

"तुझी कृपा झाली की आपोआप आवरेल."

प्राध्यापकांचं व्याख्यान मन लावून ऐकलेला एक तरी माणूस निघाला, तो हा.

नणंदेची कात्री पर्समध्येच राहिली. त्यानं आम्हा सगळ्यांना फुलं दिली, जाऊबाईंना दारापर्यंत पोचवलं. बायको आतल्या पडद्याआड उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि आम्ही घरी आलो.

आठवडा गेला असेल-नसेल, तिच्या मनगटाला प्लास्टर दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला स्वतःच फुलांचा मोठा गुच्छ घेऊन आला. दुकानात गर्दी होती. त्यानं सगळ्यांसमोर जाऊबाईंपुढे नाक घासलं. "आई, चुकलं. क्षमा कर." लोकांना काय चुकलं ते माहीत नव्हतं, पण एवढा मोठा दुकानदार असा लीन होतो म्हणून त्यांना भरून आलं.

जाऊबाईंनी गुच्छाकडे बघितलं. मी त्यांच्या मागेच इस्त्री केलेले कपडे घेऊन उभी होते, म्हणून मला दिसलं, त्यांची मान लाल झाली होती. क्षमा हा माणूस त्यांच्याकडे मागत होता. जिचं मनगट मोडलं ती समोरच्या दुकानात एका हातानं काचा पुसत होती.

त्या स्टुलावरून खाली उतरल्या. गर्दी मागे सरकली.

"क्षमा नाही," त्या म्हणाल्या. स्टेजवर उभ्या होत्या तशाच, पापणी न हलवता. "मी कोपले आहे. तुझी बायको माझ्या सेवेला पाठव."

चष्मेवाल्यानं मान वर केली. "सेवेला?"

"आज. तिचे कपडे घेऊन. आणि माझी आज्ञा झाल्याशिवाय तिला परत न्यायचं नाही."

त्याचा चेहरा मी नीट बघितला. त्याला पटलेलं नव्हतं. पण भोवताली त्याचीच अर्धीअधिक गिऱ्हाइकं हात जोडून उभी होती, आणि त्यातल्या एका आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "भाग्यवान आहात."

दुपारी तो बायकोला बॅगेसकट घेऊन आला. रस्त्यावर लोक दोन्ही बाजूंनी उभे होते. बॅग त्यानं स्वतः उचलली होती, प्लास्टरमुळे तिला कुठे उचलता येणार होती. पुढच्या महिन्यात सभागृहानं त्याचा सत्कार केला. देवीच्या सेवेसाठी संसाराचा त्याग केला म्हणून. शाल आमच्याकडेच धुवायला आली. नणंदेनं ती मशीनमध्ये घातली आणि इतक्या जोरात दार आपटलं की मशीनची काच तडकली.

चष्मेवाल्याची बायको नणंदेच्या खोलीत राहिली. पहिले काही दिवस जिन्यात पाऊल वाजलं की उभी राहायची. मनगट सुटं झाल्यावर सासूबाईंनी तिच्या हातात बटणांचा डबा दिला. तिचा हात इतका सुबक होता की काही दिवसांत फाटलेलं रफू करायची कामंही तिच्याकडे आली.

सासूबाईंना खरं काय ते तिनंच सांगितलं, बटणं लावता लावता. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्या काउंटरपाशी आल्या. जाऊबाई स्टुलावरून उतरत होत्या.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी चमकून वर बघितलं.

"दुपारी तो चष्मेवाला आला होता तेव्हा तू जांभई दिलीस. देवी अशी जबडा फाडून जांभई देते का? आणि पाठ ताठ ठेव. पोक काढून बसलीस की त्याला वाटेल, बायको परत मागून बघावी."

जाऊबाईंना रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं जास्त बोलले की काय, म्हणून त्या आणखी थोडं बोलल्या.

चष्मेवाला दर शुक्रवारी यायचा. फुलं ठेवायचा, वाकायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "आई, सेवा पुरी झाली का?" जाऊबाई म्हणायच्या, "अजून नाही." तेवढ्यासाठी त्यांना प्रत्येक शुक्रवारी तिथे असावं लागे, आणि शुक्रवारी देवी असायची तर बाकीच्या दिवशीही असायला हवी. चहा त्या आता मशीनमागे उभ्यानं पितात.

वर्षभरानं तिला दूरच्या एका गावात कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. मोठे दीर पहाटे तिला कपड्यांच्या गाडीत बसवून घेऊन गेले, मागे हँगरला टांगलेल्या कोटांच्या आड. त्या शुक्रवारी जाऊबाईंनी चष्मेवाल्याला सांगितलं, "मी तिला पुढच्या सेवेला धाडलं आहे."

"कुठे, आई?"

"ते तू विचारायचं नाहीस."

त्यानं विचारलं नाही. त्याचं दुकान आता दुप्पट मोठं झालं आहे. त्यागी माणूस म्हणून लोक लांबून चष्मे करायला येतात. आवाज अजून तसाच मऊ. मागच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा वाकला, पण उठला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला, "आई, एक स्थळ आलं आहे. मुलगी साधी आहे. तुझी परवानगी असेल तर…"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"पण आई, घर ओस पडलंय. कारण कळलं असतं तर…"

"नाही म्हटलं ना."

तो उठला, नमस्कार केला, बूट घातले आणि रस्ता ओलांडून गेला. तो पुन्हा विचारणार आहे हे आम्हाला माहीत आहे. मोठे दीर कधीपासून म्हणताहेत, चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ. ते परत "अगं" म्हणायला लागले आहेत. जाऊबाई म्हणतात, जाऊ, पण शुक्रवार सोडून.